डाव कौशल्याचा, नाल कोणाची?

कोणत्याही मराठी दैनिकाची जिल्हा पुरवणी उघडा, आतल्या पानावर एक बातमी हमखास सापडते. अमुक गावच्या शिवारात, बाभळीखाली तीन पत्तीचा डाव रंगला असताना पोलिसांची धाड. सात जण ताब्यात. रोकड, मोबाइल, मोटारसायकली असा मुद्देमाल जप्त. महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक कायद्याच्या कलम 12 (अ) प्रमाणे गुन्हा दाखल. 2025 च्या ऑगस्टपर्यंत त्याच दैनिकात एखादा नट हसतमुखाने सांगत असे, घरबसल्या रमी खेळा आणि लाखो जिंका. बाभळीखालचे सात जण जामिनासाठी वकील शोधायचे आणि नटाला मानधन मिळायचे. दोन्हीकडे पत्तेच, दोन्हीकडे पैसेच. कायद्याकडे या फरकाचे उत्तर तयार होते: तीन पत्ती नशिबाची, रमी कौशल्याची.

हे उत्तर सुमारे दीडशे वर्षे टिकले. ते कुठून आले, न्यायालयांनी ते कसे ताणले आणि शेवटी संसदेने ते का टाकून दिले, याचा हा आढावा. माझे मत आधीच सांगून टाकतो. खेळात कौशल्य किती आणि नशीब किती, हा प्रश्न आपण गरजेपेक्षा फार जास्त काळ चघळला. खरा प्रश्न अड्ड्याच्या मालकाचा होता. डाव कोणीही जिंको, नाल, म्हणजे प्रत्येक डावातला अड्डेवाल्याचा वाटा, कोण काढतो?

गंमत म्हणजे मूळ कायद्याला हे नीट ठाऊक होते. 1867 चा केंद्रीय जुगार कायदा आणि 1887 चा मुंबईचा जुगार प्रतिबंधक कायदा, हे दोन्ही ब्रिटिशांनी केले. त्यांनी पत्ते खेळण्याला सरसकट गुन्हा ठरवले नाही. मुंबईच्या कायद्यातली जुगारअड्ड्याची व्याख्या वाचण्यासारखी आहे. जिथे जुगाराची साधने ठेवली किंवा वापरली जातात आणि त्यातून जागेच्या मालकाला किंवा चालकाला फायदा होतो, मग तो जागेचे भाडे म्हणून असो की अन्य कोणत्याही वाटेने, ती जागा म्हणजे अड्डा. म्हणजे नजर चालकाच्या गल्ल्यावर. घरच्या ओट्यावर चार मित्र पैसे लावून बसले तर हा अड्डा नव्हे. भर रस्त्यात बसले तर मात्र कलम 12. आणि मग येते ते छोटेसे कलम 13: निव्वळ कौशल्याचा खेळ कुठेही खेळला तरी हा कायदा त्याला लागू नाही. पुढचा सगळा वाद या एका ओळीवर उभा राहिला.

वादाची पहिली मोठी फेरी शब्दकोड्यांवरून झाली. पन्नाशीच्या दशकात बंगळुरूहून निघणाऱ्या ‘स्पोर्टिंग स्टार’ या साप्ताहिकातून आर. एम. डी. चमारबागवाला बक्षिसांची शब्दकोडी चालवत. मुंबई राज्यात त्याचा मोठा खप होता, प्रवेशिका गोळा करायला इथे माणसे नेमलेली होती. मुंबई सरकारने बक्षीस स्पर्धांवरच्या आपल्या 1948 च्या कायद्यात दुरुस्ती करून बाहेरच्या राज्यात छापलेल्या स्पर्धांवरही परवाना आणि कर लावला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि एप्रिल 1957 मध्ये सरन्यायाधीश एस. आर. दास यांनी निकाल दिला. ऋग्वेदातले द्यूताचे सूक्त, पांडवांची दुर्दशा, मनू, याज्ञवल्क्य, कौटिल्य अशी सगळी साक्ष काढून त्यांनी सांगितले की जुगार हा व्यापारच नव्हे. त्यामुळे व्यवसायस्वातंत्र्याचे कलम 19 त्याच्या पाठीशी उभे राहणार नाही.

त्याच दिवशी दुसरा निकालही आला, केंद्राच्या 1955 च्या बक्षीस स्पर्धा कायद्याबद्दल. त्या कायद्याने महिन्याला हजार रुपयांहून अधिक बक्षिसाच्या स्पर्धा बंद केल्या होत्या. न्यायालयाने कायदा वाचवला, पण त्याची व्याप्ती कमी केली: ज्या स्पर्धेत यश मोठ्या प्रमाणात कौशल्यावर अवलंबून आहे ती जुगार नाही, सबब या कायद्यात येत नाही. एकीकडे जुगार म्हणजे घटनेच्या छत्राबाहेरची गोष्ट, दुसरीकडे कौशल्याचा खेळ म्हणजे संरक्षित व्यवसाय. मधे काही नाही. ज्या खेळाला कौशल्याचा शिक्का मिळाला तो एका उडीत गुन्ह्याच्या पंक्तीतून मूलभूत हक्कांच्या पंक्तीत जाऊन बसला. एवढे मोठे इनाम एका शिक्क्यावर लावल्यावर सगळे शिक्क्याच्याच मागे धावणार, हे उघड होते.

रमीचा शिक्का आला 22 नोव्हेंबर 1967 रोजी. सिकंदराबादच्या एका करमणूक क्लबवर 1963 मध्ये पोलिसांनी धाड टाकली होती. सभासद पैसे लावून रमी खेळत होते. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी लिहिले की रमी ही तीन पत्तीसारखी निव्वळ नशिबाची नाही. कोणती पाने पडली ते लक्षात ठेवावे लागते, कोणते धरायचे आणि कोणते टाकायचे याला डोके लागते. पत्ते पिसल्यामुळे येणारे नशीब ब्रिजमध्येही असतेच. म्हणून रमी मुख्यत्वे कौशल्याचा खेळ. कायद्यातला ‘निव्वळ’ हा शब्द न्यायालयाने असा ‘मुख्यत्वे’ करून टाकला. ज्याने कधी तेरा पाने हातात घेऊन पहिला प्युअर सिक्वेन्स लावण्यासाठी समोरच्याने टाकलेल्या पानावर डोळा ठेवला आहे, तो या वर्णनाशी वाद घालणार नाही. ते बरोबर आहे.

पण त्याच निकालात पुढे एक वाक्य होते, जे पुढच्या पन्नास वर्षांत जाहिरातदार सोडाच, वकीलही सोयीने विसरले. जागा आणि पत्ते पुरवल्याबद्दल क्लबने थोडी फी घेतली तर हरकत नाही; मात्र पैसे लावून चाललेल्या रमीतून क्लबचा मालक स्वतः नफा कमावतो आहे असा पुरावा असेल, तर गुन्हा होऊ शकेल. 1887 च्या व्याख्येतला गल्ला इथे पुन्हा डोकावला होता. रमी कौशल्याची ठरली, पण नाल काढणाऱ्याला मोकळे रान मिळाले नव्हते.

पुढचा शिक्का मिळाला घोड्यांच्या शर्यतीला, 1996 मध्ये, मद्रास रेसक्लबच्या खटल्यात. न्यायालय म्हणाले की शर्यत घोड्याच्या जातीवर, तालमीवर आणि जॉकीच्या कसबावर जिंकली जाते, आणि पैसे लावणाराही ही सगळी माहिती तोलून लावतो, म्हणून तीही कौशल्याचीच. महालक्ष्मीच्या स्टँडवर हातात पुस्तक घेऊन पिढ्यान्‌पिढ्या बसलेल्या मंडळींना हे वाचून फार बरे वाटले असणार. मला मात्र इथे एक गल्लत दिसते. पळतो घोडा, कस लागतो जॉकीचा, आणि संरक्षण मिळते ते खिडकीवर तिकीट काढणाऱ्याला. दुसऱ्याच्या कौशल्यावर पैसे लावणे हे आपले कौशल्य ठरले, तर क्रिकेटच्या सट्ट्याला नाही कोणत्या तोंडाने म्हणायचे? ही फट लवकरच कोणीतरी हेरणार होते.

हेरली ती फँटसी क्रिकेटने. 2008 मध्ये मुंबईत सुरू झालेल्या ‘ड्रीम इलेव्हन’ची कल्पना सोपी: प्रत्यक्ष सामन्यातले अकरा खेळाडू निवडा, एक कर्णधार, एक उपकर्णधार, मैदानावर ते जे करतील त्याचे गुण तुम्हाला. पैसे हरलेल्या एका खेळाडूने पंजाब आणि हरयाणा उच्च न्यायालयात तक्रार केली की हा जुगार आहे. 2017 मध्ये न्यायालयाने ती फेटाळली आणि घोड्यांच्या निकालाचाच आधार घेतला. संघ निवडायला खेळाडूंचा फॉर्म, खेळपट्टी, हवामान यांचा अभ्यास लागतो, म्हणून कौशल्य. मुंबई उच्च न्यायालयाने 2019 मध्ये आणि राजस्थानने 2020 मध्ये तेच म्हटले. 2020 ची आयपीएल याच कंपनीच्या नावाने खेळली गेली आणि 2023 पासून भारतीय संघाच्या छातीवर तिचे नाव आले. पानाच्या टपरीवर सामन्याचा भाव सांगणारा बुकी मात्र पोलिसांच्या लेखी जुगारीच राहिला.

हे सगळे निकाल एका प्रश्नाचे उत्तर देत होते: या खेळात चांगला खेळाडू वाईट खेळाडूला वारंवार हरवतो का? हरवत असेल, तर कौशल्य. प्रश्न चोख आहे, पण जरा उलटा करून पाहा. तीन पत्तीत नवखा आणि मुरलेला यांच्यात अंतर त्यामानाने कमी. नवख्याची एखादी रात्र चांगली जाऊ शकते. रमीत मुरलेल्यासमोर नवखा बसला तर तो सोलला जाणार हे जवळपास ठरलेले. न्यायालयात जो गुण म्हणून मांडला गेला, तो हप्त्यावर घेतलेल्या मोबाइलवर रात्री दोन वाजता खेळणाऱ्या पोराच्या दृष्टीने धोकाच आहे.

आता नालीचा हिशेब. समजा दोघे जण प्रत्येकी शंभर रुपये लावून बसले आणि कंपनीने दोनशेतून दहा टक्के कापले. जिंकणाऱ्याला 180 मिळतात. म्हणजे नुसते बरोबरीत राहायलाच त्याला शंभरातले साधारण 56 डाव जिंकावे लागतील. कापणी पंधरा टक्के असेल तर 59. दोन सारखेच हुशार खेळाडू असतील तर दोघेही निम्मे-निम्मे जिंकतील आणि दोघेही गाळात जातील. टेबलावरचा पैसा फेरीगणिक आटत जातो, आटत नाही ती फक्त मधल्याची पेटी. क्लबमध्ये हे ध्यानात यायला संध्याकाळ जाते, कारण पत्ते पिसायला, वाटायला, चहा प्यायला वेळ लागतो. फोनवर डाव दोन-तीन मिनिटांत संपतो आणि पुढच्या टेबलावर बसवायला कोणीतरी कायम तयार असते. शिवाय क्लबात पत्ते कोण पिसतो ते दिसते, समोर कोण बसले आहे ते दिसते. ॲपवर समोरचा माणूस आहे की सॉफ्टवेअर, हे कंपनी सांगेल तेच खरे.

राज्यांना याची झळ आधी लागली, कारण घटनेच्या सातव्या अनुसूचीत ‘पैज आणि जुगार’ राज्यांच्या सूचीत आहे, नोंद 34. आत्महत्या, कर्जबाजारीपण, घरातले दागिने मोडणे, अशा तक्रारी पोलीस ठाण्यात येतात. दिल्लीत येत नाहीत. तेलंगणाने 2017 मध्ये कौशल्याचे अपवादकलमच छाटले, आंध्रने 2020 मध्ये तोच रस्ता धरला. आसाम आणि ओडिशाच्या जुन्या कायद्यांत असा अपवाद मुळातच नव्हता. नागालँडने उलट दिशा धरली: 2016 च्या कायद्यात कौशल्याच्या खेळांची यादीच जोडली, रमी आणि पोकर त्यात, आणि परवाने द्यायला सुरुवात केली. पोकरबद्दल तर न्यायालयांचेही एकमत नव्हते. गुजरात उच्च न्यायालयाने 2017 मध्ये त्याला जुगार म्हटले.

दक्षिणेत मात्र खरी कुस्ती झाली. तामिळनाडूचा 2021 चा बंदीकायदा मद्रास उच्च न्यायालयाने ऑगस्टमध्ये रद्द केला, केरळची ऑनलाइन रमीवरची अधिसूचना सप्टेंबरमध्ये गेली, कर्नाटकची दुरुस्ती फेब्रुवारी 2022 मध्ये. सर्वांना एकच उत्तर: नोंद 34 मधला जुगार म्हणजे नशिबाचा खेळ, कौशल्याच्या खेळावर बंदी घालणे राज्याच्या हातातच नाही. तामिळनाडूने 2022 मध्ये पुन्हा कायदा केला. नोव्हेंबर 2023 मध्ये न्यायालयाने तो ठेवला, पण रमी आणि पोकरला यादीतून वगळले. वेळेचे, वयाचे निर्बंध घाला, बंदी नको. पुढे रात्री बारा ते पहाटे पाच खेळ बंद ठेवण्याचा आणि आधार पडताळणीचा नियम जून 2025 मध्ये टिकला. मला विचाराल तर या सगळ्या धावपळीत शहाणपणाची म्हणावी अशी हीच एक गोष्ट होती: खेळाला नाव ठेवत बसण्यापेक्षा घड्याळाला आणि खिशाला हात घाला. दुर्दैवाने तिला उमलायला तीन महिनेही मिळाले नाहीत.

महाराष्ट्र या काळात काठावर बसून होता. 1887 चा कायदा तसाच. एक गोष्ट मात्र आवर्जून केली: 1976 साली केलेला आणि कधीच लागू न केलेला कॅसिनो कायदा 2023 मध्ये रद्द करायचे मंत्रिमंडळाने ठरवले. शेजारच्या गोव्यानेही 1976 मध्येच जुगार कायदा केला होता, पण त्याने 1992 मध्ये पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांना आणि 1996 मध्ये बोटींवर टेबलांना वाट करून दिली. मांडवीत उभ्या कॅसिनोंनी ‘आमचा रुलेट कौशल्याचा’ असा आव कधी आणला नाही. सरकार परवाना शुल्क घेते, सगळ्यांना ठाऊक असते की तो जुगार आहे. त्या व्यवहाराबद्दल आक्षेप पुष्कळ घेता येतील, पण त्यात निदान नावाची लपवाछपवी नाही.

महाराष्ट्रात हा विषय चर्चेत यायचा तो माणसांमुळे. ऑगस्ट 2023 मध्ये आमदार बच्चू कडू ऑनलाइन खेळाच्या जाहिरातीवरून सचिन तेंडुलकरच्या वांद्र्याच्या घरासमोर आंदोलनाला बसले. जुलै 2025 मध्ये तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे विधिमंडळात मोबाइलवर रमी खेळत असल्याचा व्हिडिओ फिरला. आपण खेळत नव्हतो, समोर आलेली जाहिरात बंद करत होतो, असे ते म्हणाले. महिनाअखेरीस त्यांचे कृषी खाते गेले आणि क्रीडा खाते मिळाले. सरकारच्या विनोदबुद्धीला दाद द्यावी की योगायोगाला, हे ज्याचे त्याने ठरवावे.

कौशल्याच्या शिक्क्याला पहिला खरा धक्का कोणत्या गृहखात्याने दिला नाही, तो दिला कर खात्याने. कंपन्या आपल्या कमिशनवर 18 टक्के जीएसटी भरत. खेळाडूंचा लावलेला पैसा आमचा नव्हे, असे त्यांचे म्हणणे. सप्टेंबर 2022 मध्ये बंगळुरूच्या ‘गेम्सक्राफ्ट’ला सुमारे 21 हजार कोटींची नोटीस आली: पूर्ण रकमेवर 28 टक्के भरा, कारण हा जुगार. कर्नाटक उच्च न्यायालयाने मे 2023 मध्ये नोटीस रद्द केली, रमी कौशल्याची आहे असे पुन्हा लिहून. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबरमध्ये त्या निकालाला स्थगिती दिली. दरम्यान जुलैमध्ये जीएसटी परिषदेने वादच मिटवून टाकला: 1 ऑक्टोबर 2023 पासून खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा, लावलेल्या पूर्ण पैशावर 28 टक्के. करापुरता हा फरक पुसला गेला. त्याच वर्षी माहिती तंत्रज्ञान नियमांत बदल करून केंद्राने स्वनियमन संस्थांमार्फत चांगल्या-वाईट खेळांची छाननी करायचे ठरवले होते. ती व्यवस्था कागदावरच राहिली. एकाही संस्थेला मान्यता मिळाली नाही. एका हाताने नियमन, दुसऱ्या हाताने कर, आणि दोन्ही हातांना एकमेकांचा पत्ता नाही.

मग 20 ऑगस्ट 2025 रोजी लोकसभेत ऑनलाइन गेमिंगचे प्रोत्साहन आणि नियमन करणारे विधेयक मंजूर झाले, 21 ला राज्यसभेत, 22 ला राष्ट्रपतींची सही. एवढ्या दिवसांत आपल्याकडे सोसायटीच्या सर्वसाधारण सभेचे इतिवृत्तही मंजूर होत नाही. व्याख्या एका ओळीची: जिंकण्याच्या अपेक्षेने पैसे लावून खेळलेला ऑनलाइन खेळ, मग तो कौशल्याचा असो, नशिबाचा असो की दोन्हींचा. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षे किंवा पन्नास लाख, किंवा दोन्ही. पैशांची ने-आण करणाऱ्या बँका आणि पेमेंट कंपन्याही कक्षेत. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. ई-स्पोर्ट्स आणि बिनपैशाचे खेळ यांना उलट उत्तेजन. काही दिवसांत रमीची टेबले उठली, फँटसीच्या पैशाच्या स्पर्धा थांबल्या आणि भारतीय संघाचा प्रायोजक गेला.

या कायद्याने खेळणाऱ्याला सोडून चालकाला धरले, हे मला पटते. 1887 च्या व्याख्येचा रोख तोच होता. पटत नाही ते हत्यार. कापणीवर मर्यादा, दिवसाला किती हरता येईल याची मर्यादा, डावांमधली सक्तीची विश्रांती, खेळाडू माणूसच आहे याची तपासणी, हे सगळे करता आले असते. ब्रिटनने 2005 च्या कायद्यात कौशल्य आणि नशीब यांचे मिश्रण असलेला खेळ सरळ नशिबाच्या खेळात धरला, पण पुढे बंदी न घालता परवाना लावला. आपल्याकडे मात्र परदेशातल्या सर्व्हरवरून चालणारी, कर न भरणारी ॲपे टेलिग्रामच्या ग्रुपवरून आजही गिऱ्हाईक ओढतात. इथे नोंदणी असलेल्यांची दुकाने तेवढी बंद झाली.

आणि बाभळीखालचा प्रश्न तसाच आहे. नवा कायदा फक्त ऑनलाइन खेळांचा. सिकंदराबादचा निकाल जिवंत आहे, त्यामुळे क्लबात पैसे लावून रमी आजही चालते, आणि पोलिसांची धाड पडली की हा डाव रमीचा होता की तीन पत्तीचा यावर पंचनाम्यात ओढाताण होते. तीच तेरा पाने टेबलावर कायदेशीर आणि पडद्यावर चालकाला तीन वर्षे.

कंपन्यांनी नव्या कायद्याला वेगवेगळ्या उच्च न्यायालयांत आव्हान दिले आणि सप्टेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रकरणे स्वतःकडे घेतली. तिथला पेच बघण्यासारखा आहे. पैज आणि जुगार हा विषय राज्यांचा, केंद्राने त्यात पाय घातला कसा, असे विचारणे सोपे आहे. पण हीच मंडळी मद्रासपासून बंगळुरूपर्यंत वर्षानुवर्षे शपथेवर सांगत होती की आमचा खेळ कौशल्याचा, तो नोंद 34 मधला जुगारच नव्हे, म्हणून राज्याला अधिकार नाही. ते जर खरे, तर राज्यांच्या सूचीत न बसणारा विषय घटनेप्रमाणे केंद्राकडे जातो. आणि खोटे असेल, तर तेलंगणाची, आंध्रची, तामिळनाडूची बंदी वैध ठरते. त्यांच्यापाशी उरतो तो कलम 19 खालचा व्यवसायाचा हक्क, आणि तिथे सरकारी वकील 1967 च्या निकालातले ते विसरलेले वाक्य काढून विचारू शकतात: डाव खेळाडूंच्या कौशल्याचा, हे मान्य, तुमच्या पेटीत जे पडत होते ते कोणत्या कौशल्याचे?